काट्याचा आकडा का नाचतो?

इलेक्ट्रॉनिक काट्यावर लाल आकडे दिसले म्हणजे वजन बिनचूक, असं समजू नका. प्लेटखालचा लोडसेल भारानुसार विजेचा अगदी बारीक दाब देतो आणि आतलं सर्किट त्याचा आकडा करतं. १०० किलोच्या काट्यात पूर्ण भाराला साधारण १० मिलिव्होल्ट मिळतात. म्हणजे १०० ग्रॅमला मिलिव्होल्टचा शंभरावा भाग! ओल किंवा सैल वायरनेही एवढा फरक पडतो.

काटा दहा मिनिटे आधी सुरू करा. मोकळ्या प्लेटवर शून्य पाहा. मग शिक्का असलेली ५ व २० किलोची वजने ठेवा. दोन्हींना सारखाच फरक आला, तर शून्य सरकलंय. पुन्हा शून्य करा. वजनाबरोबर फरक वाढला, तर कॅलिब्रेशन बिघडलंय. आकडा नाचत असेल, तर वारा, वायर, अर्थिंग, बॅटरी बघा. कोपऱ्यावर वेगळं वजन दिसलं, तर प्लेट कुठे टेकतेय का ते पाहा.

सील मात्र स्वतः तोडू नका. परवानाधारकाकडूनच दुरुस्ती करून वैधमापन निरीक्षकांचा शिक्का पुन्हा घ्या. रेशन दुकान असो वा व्यापाऱ्याचा काटा, ही तपासणी मागायला लाजू नका. क्विंटलमागे किलोची चूक, म्हणजे १०० क्विंटल सोयाबीनला एक क्विंटल गेलंच!