जुने संगणक आणि सामायिक फाइली : खुंटलेल्या देवाणघेवाणीचे निदान

विद्यापीठीय विभागांतून एखादा जुना संगणक वर्षानुवर्षे टिकून राहतो, तो बहुधा अनास्थेमुळे नव्हे, तर निरुपायाने. ध्वनिविश्लेषणाचे उपकरण ज्या कार्डाच्या साहाय्याने संगणकाशी जोडलेले असते, ते कार्ड नव्या यंत्राच्या खाचेत बसत नाही. आणि ते चालविणारा प्रोग्रॅम विंडोज एक्सपीच्या पुढे आलेला नसतो. परिणामी क्षेत्रकार्यातून आणलेली ध्वनिमुद्रणे त्याच यंत्राच्या डिस्कवर साठत जातात. अन्य संगणकांवरून तो सामायिक फोल्डर उघडता येतो तोवर कोणाला त्याची आठवण होत नाही. पुढे विभागातील इतर संगणक बदलले जातात आणि फोल्डर उघडेनासा होतो. जुन्या यंत्रात तर काहीच बदललेले नसते. तेव्हा 'यंत्र जुने झाले' एवढाच निकाल दिला जातो, आणि पुन्हा मिळू न शकणारी सामग्री एका वृद्ध होत चाललेल्या डिस्कवर अडकून पडते.

हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. अशा प्रसंगी जे खंडित झालेले असते ते यंत्र नसून दोन यंत्रांमधील संभाषण होय. ते नेमके कोणत्या पातळीवर खंडित झाले हे क्रमाने शोधून काढता येते. आणि पातळी कळली म्हणजे उपायही बहुधा हाती येतो. या क्रमाचे व त्यामागील कारणांचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. 'बोली' ही संज्ञा

विंडोजच्या परिवारातील संगणक एकमेकांच्या फाइली वाचतात त्या 'सर्व्हर मेसेज ब्लॉक', संक्षेपाने एसएमबी, या प्रोटोकॉलद्वारे. त्याचा आरंभ १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबाउम यांच्या हातून झाला. पुढे मायक्रोसॉफ्टने त्याचा विस्तार केला. या प्रोटोकॉलच्या क्रमाने आलेल्या रूपांना त्याच्या तांत्रिक विवरणात अधिकृतपणेच 'डायलेक्ट', म्हणजे बोली, असे म्हटले जाते. भाषेच्या अभ्यासकाला हे नाव गमतीचे वाटेल. पण ते अगदीच अनाठायी नाही.

संबंध जोडताना मागणारा संगणक प्रथम आपल्याला येणाऱ्या बोलींची यादी पाठवितो. देणारा संगणक त्या यादीतील आपल्याला येणारी एक बोली निवडून तिचा क्रमांक कळवितो, आणि पुढील सर्व व्यवहार तिच्यातच होतो. समाईक बोली नसेल तर संभाषण तेथेच संपते. मात्र मानवी बोलींशी असलेले साम्य येथवरच पोचते. मालवणी बोलणारा व वऱ्हाडी बोलणारा एकमेकांना अंशतः तरी समजून घेतात. यंत्रांच्या बोलींमध्ये अशा अंशतः आकलनाला जागा नाही. समाईक बोली आहे किंवा नाही, एवढे दोनच पर्याय असतात.

विंडोज एक्सपी (२००१) व त्यापूर्वीच्या प्रणालींना केवळ पहिल्या पिढीतील बोली येतात. दुसरी पिढी विंडोज व्हिस्टाबरोबर २००६-०७ मध्ये आली. पहिल्या पिढीत शंभरावर आज्ञा होत्या. दुसरीत त्या १९ वर आणण्यात आल्या. तिसरी पिढी २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आली. मधली कित्येक वर्षे नव्या प्रणाली जुन्या बोलीही जाणत होत्या, म्हणून विसंगती दिसून आली नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रोग्रॅमने पहिल्या पिढीच्या मायक्रोसॉफ्टकृत अंमलबजावणीतील दोषाचा लाभ घेऊन जगभरच्या संगणकांत शिरकाव केला. तो दोष दूर करणारी दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच निघाली होती. एक्सपीसाठी ती मे महिन्यात, हल्ल्यानंतर, देण्यात आली. पहिल्या पिढीला निरोप देण्याची प्रक्रिया तत्पूर्वीच सुरू झालेली होती. २०१७ च्या उत्तरार्धात आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून नव्या मांडणीत ती मुळातून समाविष्ट होईनाशी झाली, आणि लिनक्सवरील 'सांबा'नेही २०१९ मधील ४.११ या आवृत्तीपासून ती मूळ मांडणीत बंद ठेवली. अर्थात, जुन्या यंत्राने आपली बोली सोडली नाही. भोवतालच्यांनी ती बोलणे थांबविले. 'काहीच बदलले नसताना' संबंध का तुटतो याचे उत्तर येथे सापडते.

२. निदानाचा क्रम

तथापि प्रत्येक बिघाड बोलीचाच असतो असे मानणे हीदेखील चूक ठरेल. संभाषणाच्या पाच पातळ्या कल्पून खालून वर जावे : वहन, नाव, बोली, ओळख आणि अधिकार. खालची पातळी निर्दोष ठरल्याशिवाय वरच्या पातळीवर हात घालू नये. कारण खालचा दोष पुष्कळदा वरच्या दोषाचे सोंग घेतो.

वहन. प्रथम केबल, स्विचवरील दिवा व संगणकाला मिळालेला पत्ता पाहावा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरशी त्याचा संपर्कच झालेला नाही, असे समजावे. यानंतर 'पिंग' आज्ञेने उत्तर येते का ते पाहावे; मात्र उत्तर न येणे हा निर्णायक पुरावा नव्हे, कारण एक्सपीच्या २००४ मधील दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून फायरवॉल मुळातच चालू असते व ती असे प्रश्न अडवू शकते. वहनाचा एक दोष विशेष फसवा असतो. जुन्या नेटवर्क-कार्डावर कोणीतरी पूर्वी 'फुल डुप्लेक्स' ही मांडणी हाताने कायम केलेली असते. स्विच आपोआप जुळवून घेण्याचा प्रयत्न करतो, त्याला प्रतिसाद मिळत नाही, आणि तो 'हाफ डुप्लेक्स' गृहीत धरतो. एक बाजू ऐकता-ऐकता बोलते. दुसरी मात्र एका वेळी एकच करते. पिंगचे उत्तर येते, लहान फाइल निघते. मोठे ध्वनिमुद्रण मात्र रखडते किंवा मध्येच तुटते. दोन्ही बाजू स्वयंचलित जुळणीवर ठेवणे हा यावरील उपाय होय.

नाव. यंत्रे एकमेकांना नावाने हाक मारतात, आणि या नावांचे शास्त्र जुने आहे. १९८३ मधील नेटबायोस या व्यवस्थेत नावासाठी १६ बाइट राखून ठेवलेले असून त्यांतील शेवटचा सेवेचा प्रकार दर्शवितो. म्हणून संगणकाचे नाव १५ अक्षरांहून मोठे असू नये व ते रोमन अक्षरे आणि अंक यांतच असावे. नावाचा पुकारा त्याच उपजाळ्यापुरता ऐकू जातो; मधल्या राउटरपलीकडे तो पोचत नाही. त्यामुळे एका इमारतीत चालणारे नाव दुसरीत चालत नाही. नावाऐवजी अंकी पत्ता लिहून फोल्डर उघडला तर दोष नावाचा आहे, हे सिद्ध होते.

येथेच एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. 'नेटवर्क' या खिडकीत यंत्र दिसत नाही म्हणजे ते उपलब्ध नाही, असे नव्हे. ती जुनी यादी तयार करणारी सेवा पहिल्या पिढीच्या बोलीवर अवलंबून होती. यंत्रे दर १२ मिनिटांनी आपली उपस्थिती जाहीर करीत, आणि सलग तीन वेळा जाहीर न केल्यास, म्हणजे ३६ मिनिटांनी, नाव वगळले जाई. बंद यंत्र यादीत दिसणे व चालू यंत्र न दिसणे, हे दोन्ही तिच्या रचनेतूनच संभवत असे. म्हणून यादीवर विसंबून न राहता पूर्ण मार्ग लिहून पाहावा.

बोली. पत्त्याने हाक पोचते, ४४५ किंवा १३९ या पोर्टवर दार उघडे आहे, आणि तरीही संबंध जुळत नाही, अशी स्थिती असल्यास बोलीचा संशय घ्यावा. एक्सपीवरून नव्या सर्व्हरकडे जाताना 'हे नेटवर्क-नाव आता उपलब्ध नाही' अशा आशयाचा संदेश पुष्कळदा येतो. तो नावाविषयी बोलतो, परंतु दोष बोलीचा असतो. संदेश वाचून नाव बदलत बसणारा तासन्‌तास वाया घालवितो. उलट दिशेने, म्हणजे विंडोज १० वरून एक्सपीकडे जाताना, कालबाह्य प्रोटोकॉलचा स्पष्ट उल्लेख केला जातो. म्हणून दोन्ही दिशांनी प्रयत्न करून पाहणे निदानाला उपकारक ठरते.

ओळख. बोली जुळूनही पासवर्ड नाकारला जात असेल, तर पासवर्ड पाठविण्याची रीत तपासावी. जुन्या लॅन मॅनेजर पद्धतीत पासवर्डातील सर्व अक्षरे मोठ्या लिपीत बदलून त्याचे सात-सात अक्षरांचे दोन तुकडे केले जात. ही पद्धत आता असुरक्षित म्हणून नाकारली जाते. एक्सपीला एनटीएलएमची सुधारित दुसरी आवृत्ती येते, पण ती स्थानिक सुरक्षा-धोरणात निवडावी लागते. शिवाय पासवर्ड नसलेले खाते एक्सपी नेटवर्कवरून स्वीकारीत नाही. त्या खात्याने यंत्रासमोर बसूनच काम करता येते. विद्यापीठाच्या डोमेनमध्ये असलेल्या यंत्राचे घड्याळही पाहावे. केर्बेरॉस पद्धतीत मूळ मांडणीनुसार पाच मिनिटांहून अधिक तफावत चालत नाही, आणि मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपलेला संगणक प्रत्येक प्रारंभी अनेक वर्षे मागे जातो. अशा वेळी सारा बिघाड एका बॅटरीचा असतो.

अधिकार. फोल्डर उघडतो पण फाइल लिहिता येत नाही, याचे कारण बहुधा असे असते की सामायिकतेचा अधिकार व डिस्कवरील अधिकार हे दोन निरनिराळे असून त्यांपैकी अधिक कडक असलेला लागू होतो. डिस्क एफएटी३२ पद्धतीची असल्यास चार गिगाबाइट किंवा त्याहून मोठी फाइल तिच्यावर मावतच नाही. हा दोष नेटवर्कच्या माथी मारू नये.

३. देवनागरी नावांचा प्रश्न

मराठी सामग्री हाताळणाऱ्या विभागात आणखी एक अडचण उद्भवते. विंडोजमध्ये देवनागरीसाठी युनिकोडपूर्व काळातील संकेतपृष्ठ नाही. त्यामुळे युनिकोड न जाणणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमला देवनागरी नावातील अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे मिळतात. आणि विंडोजमधील फाइलनामात प्रश्नचिन्ह वर्ज्य असल्याने ती फाइल त्याला उघडता येत नाही. फाइल समोर दिसते, पण प्रोग्रॅम 'सापडत नाही' म्हणतो.

याहून सूक्ष्म प्रश्न 'वाऱ्याच्या', 'दऱ्या' अशा शब्दांतील रकाराचा आहे. हे अर्धे रूप तीन प्रकारे साठविलेले असू शकते : ०९३१ या स्वतंत्र संकेतांकाचे 'ऱ' व हलन्त, साधा 'र', नुक्ता व हलन्त, किंवा साधा 'र', हलन्त व त्यामागे शून्य रुंदीचे अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना तिन्ही सारखी. यंत्राला मात्र ती तीन भिन्न नावे. पहिल्या दोहोंना युनिकोड समतुल्य मानते, तिसऱ्याला मानीत नाही. आणि समतुल्यतेची दखल न घेता नावे बाइटवार ताडून पाहणारी व्यवस्था पहिल्या दोहोंतही भेद करते. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस पद्धतीत 'ऱ' विघटित करूनच साठविला जाई. अशा निरनिराळ्या यंत्रांवरून आलेल्या संग्रहात एकाच नावाच्या भासणाऱ्या दोन फाइली नांदू लागतात, आणि कोणती अद्ययावत हे कळत नाही. यास्तव जुन्या यंत्राशी संबंध असेतोवर फाइलनामे रोमन अक्षरे व अंक यांत ठेवावीत, आणि मराठी शीर्षक स्वतंत्र नोंदवहीत लिहावे, हे श्रेयस्कर.

४. उपाय

दोष बोलीचा ठरला म्हणजे पहिला मोह होतो तो नव्या संगणकांवर जुनी बोली पुन्हा चालू करण्याचा. काही मिनिटांत फोल्डर उघडतो, म्हणून हा उपाय लोकप्रिय आहे. पण तो बरोबर नाही. एका यंत्राच्या सोयीसाठी सर्व यंत्रांनी असुरक्षित बोली स्वीकारणे म्हणजे २०१७ मधील हल्ल्याला वाव देणारी स्थिती पुन्हा निर्माण करणे होय. एक्सपीचा आधार तर ८ एप्रिल २०१४ रोजीच संपलेला आहे.

योग्य उपाय दुभाष्याचा. दोन नेटवर्क-कार्डे असलेला एक साधा लिनक्स संगणक मध्ये ठेवावा. एका कार्डाला केवळ जुने यंत्र जोडावे. त्याचा विभागाच्या नेटवर्कशी वा इंटरनेटशी अन्य संबंध राहू नये. दुभाष्याने जुन्या यंत्राशी पहिल्या पिढीच्या बोलीत बोलून तेथील फाइली केवळ वाचनाच्या अधिकाराने ठरावीक वेळी आपल्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात, आणि दुसऱ्या कार्डावरून सांबाद्वारे तिसऱ्या पिढीच्या बोलीत विभागाला द्याव्यात. यात आपोआप दुसरी प्रतही तयार होते, हा लाभ लहान नाही.

या सांबाचा इतिहास भाषाभ्यासकाने जाणून घेण्याजोगा आहे. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास त्याचा आरंभ केला. दोन यंत्रांमधील संदेश ऐकत राहायचे, एखादा प्रश्न स्वतः विचारून पाहायचा व उत्तरावरून नियम अनुमानायचा, अशी त्यांची रीत होती. परक्या देशातील उपाहारगृहात बसून तेथील भाषा शिकण्याशी त्यांनीच तिची तुलना केली आहे. दुभाषी भाषकाविना क्षेत्रकार्य करणाऱ्याची रीत यापेक्षा वेगळी नसते. नावासाठी त्यांनी शब्दसूचीत एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने येणारा शब्द शोधला, आणि 'सांबा' सापडला.

५. समारोप

सारांश, जुन्या संगणकावरील सामायिक फोल्डर उघडेनासा झाला म्हणजे यंत्र निकामी ठरविण्यापूर्वी वहन, नाव, बोली, ओळख व अधिकार हे पाच प्रश्न याच क्रमाने विचारावेत, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम टिपून ठेवावा. पडद्यावरील संदेश हे लक्षण होय, निदान नव्हे. दुभाष्याची योजनाही कायमची नव्हे. तिने मिळालेला अवधी सामग्री सुरक्षित स्थळी हलविण्यासाठी वापरावयाचा असतो. उपकरण पुन्हा विकत घेता येते; परंतु ज्या वक्त्याचा आवाज त्या डिस्कवर आहे तो आज हयात नसेल, तर ते ध्वनिमुद्रण दुसऱ्यांदा करता येणार नाही.