सोडले ते जगले का?

वन्यजीव संवर्धनाच्या कारभारात ‘सोडले’ हे क्रियापद मोठ्या समाधानाने वापरले जाते. पिंजऱ्याचे दार उघडते, छायाचित्र निघते, आकडा नोंदला जातो. वर्षभराने त्यांतील किती पक्षी जिवंत होते, हा प्रश्न त्या मानाने क्वचितच विचारला जातो.

या सवयीला इतिहास आहे. ह्यूम आणि मार्शल यांचा १८७९ ते १८८१ या काळातील त्रिखंडात्मक ग्रंथ तित्तिर, लावा, रानकोंबडा, माळढोक यांचा विचार शिकारयोग्य पक्षी म्हणूनच करतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही परवाना काढून शिकार करता येत असे. ती मुभा १९९१ च्या दुरुस्तीने संपली. ब्रिटनमध्ये आजही शिकारीसाठी दरवर्षी कोट्यवधी फेझंट वाढवून सोडले जातात. त्यांनी हंगामापुरते जगावे, एवढीच तेथे अपेक्षा असते. संवर्धनासाठी सोडलेल्या पक्ष्याकडून मात्र जोडी जमवून पुढची पिढी वाढवण्याची अपेक्षा असते.

ती सहसा पुरी होत नाही. चीर फेझंट पुन्हा रुजवण्यासाठी पाकिस्तानातील मारगल्ला टेकड्यांत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून प्रयत्न झाले. ब्रिटनमधून अंडी आणली, पिले वाढवली, सोडली. पण टिकाऊ वसाहत उभी राहिली नाही. कारणे अनाकलनीय नाहीत. यंत्रात उबवलेल्या पिलाला धोक्याची हाक ओळखायला शिकवणारी आई नसते. तयार खाद्यावर वाढलेल्या पक्ष्याचे आतडे रानातील तंतुमय अन्नाला सरावलेले नसते. कोल्हा आणि ससाणा पहिल्या काही आठवड्यांतच उरलेला हिशेब पुरा करतात. शिवाय असा पक्षी राणीखेतसारखा रोग रानात नेऊ शकतो.

छत्तीसगडसाठी हा धडा जवळचा आहे. बस्तरच्या सालवनांत लाल रानकोंबडा आजही आहे. त्याच्या शेजारी गावकोंबड्यांचे थवेही आहेत. त्यांच्या संकराचा धोका असताना बाहेरून कोंबडे सोडून त्याची संख्या वाढवणे म्हणजे त्याचा अस्सलपणाच पणाला लावणे होय. राज्यपक्षी पहाडी मैनेचा अनुभवही बोलका आहे. जगदलपूर येथे १९९० च्या दशकात बंदिस्त प्रजननाचा प्रयत्न सुरू झाला. नर आणि मादी दिसायला सारखीच; वर्षे गेली तरी योजना फळली नाही. पुढे कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानात स्थानिक तरुणांना ‘मैना मित्र’ म्हणून घरट्यांच्या राखणीस लावले गेले. पिंजऱ्यावरचे लक्ष झाडाच्या ढोलीकडे वळले, हाच त्यातील महत्त्वाचा बदल होता.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची २०१३ ची मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात: प्रजाती ज्या कारणाने नाहीशी झाली, ते कारण आधी दूर करा. फासे, वणवे, तुटलेली ढोलीची झाडे जशीच्या तशी राहिली, तर सोडलेला पक्षी केवळ नवा बळी ठरतो.

म्हणून नवा रायपूर येथील महानदी भवनात अशा योजनेची फाइल येईल, तेव्हा मंजुरीला तीन अटी असाव्यात. ऱ्हासाचे कारण दूर झाल्याचा पुरावा. सोडलेल्या प्रत्येक पक्ष्यावर किमान वर्षभर खुणेची व संदेशयंत्राची देखरेख, तिच्या खर्चासह. आणि मृत्यूंचीही जाहीर नोंद. अंतिम हप्ता मात्र रानातच जन्मलेली पहिली पिले मोजल्यावर द्यावा.