पेटीला कुलूप नव्हतं

‘डूम’ या गेमचा जो भाग फुकट वाटला गेला, त्याच्या १.९ या आवृत्तीतल्या डेटा-फाईलचा आकार ४१,९६,०२० बाइट आहे. आजच्या फोननं काढलेला एखादा फोटोही एवढा भरतो. या ऐवजात नऊ नकाशे, भिंती, जमिनी, राक्षस, बंदुका, आवाज, संगीत, एवढंच काय, पडद्यावर उमटणारी अक्षरंसुद्धा कोंबलेली आहेत. फाईलचं नाव ‘डूम१’, एक्स्टेन्शन ‘वॅड’. ‘वॅड’ हे नाव गेमच्या रचनाकारांपैकी एक असलेल्या टॉम हॉलनं सुचवलेलं.

ही फाईल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडली तर पहिले चार बाइट ‘आय, डब्ल्यू, ए, डी’ अशी अक्षरं दाखवतात. पुढचे चार बाइट २४०, ४, ०, ० असे आहेत. धाकटा बाइट आधी लिहायची इंटेल प्रोसेसरची रीत असल्यानं हिशेब असा होतो: २४० अधिक ४ गुणिले २५६, म्हणजे १२६४. या फाईलरूपी पेटीत १२६४ नग आहेत. त्यापुढचे चार बाइट ४१,७५,७९६ हा आकडा देतात. फाईलमध्ये इतकं अंतर चालून गेलं की यादी सुरू होते. यादीतली प्रत्येक नोंद १६ बाइटांची: नग कुठे सुरू होतो, केवढा आहे आणि आठ अक्षरांत त्याचं नाव. १२६४ ला १६ नं गुणा, ४१,७५,७९६ मध्ये मिळवा. बरोबर ४१,९६,०२० येतात. फाईल संपली. ना कुलूप, ना सांकेतिक लिपी, ना आकसवलेला डेटा. गेमच्या पेटीतून चित्रं बाहेर काढण्याचा जो उद्योग पुढे जगभर फोफावला, त्याला इतका सरळ हिशेब क्वचितच मिळाला.

हा सरळपणा मुद्दाम ठेवलेला होता. टेक्सस राज्यातल्या मेस्क्विट गावी ‘डूम’ बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरचं कार्यालय होतं. १९९२ मध्ये त्यांचा ‘वुल्फेन्स्टाइन ३डी’ आला, तेव्हा खेळणाऱ्यांनी त्याच्या फाईली उकलून नाझी शत्रूच्या जागी मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातला जांभळा डायनोसॉर बार्नी आणून बसवला. दुसऱ्या एखाद्या कंपनीनं वकिलाची नोटीस धाडली असती. मुख्य प्रोग्रामर जॉन कार्मॅकला मात्र ते आवडलं. ‘डूम’ लिहिताना त्यानं गेम चालवणारा प्रोग्राम, म्हणजे इंजिन, एकीकडे आणि चित्रं-नकाशे दुसरीकडे अशी स्वच्छ वाटणी केली. १० डिसेंबर १९९३ ला गेम आला आणि जानेवारी १९९४ संपायच्या आत न्यूझीलंडमधल्या ब्रेंडन वायबरच्या पुढाकारानं ‘डीईयू’ हा नकाशे बदलणारा एडिटर लोकांच्या हातात होता. आयडीचं मागणं एवढंच होतं की बदललेले नकाशे विकत घेतलेल्या गेमवरच चालावेत, फुकट भागावर नकोत. धंद्याच्या दृष्टीनंही हा पक्का विचार म्हणायचा.

आता चित्रांकडे वळू. ‘डूम’मध्ये जमीन आणि छत यांच्या चित्रांना ‘फ्लॅट’ म्हणतात. प्रत्येक फ्लॅट ६४ बाय ६४ पिक्सेलचा, दर पिक्सेलला एक बाइट, म्हणजे बरोबर ४०९६ बाइट. त्या बाइटमध्ये रंग नसतो, रंगाचा क्रमांक असतो. खरे रंग ‘प्लेपॅल’ नावाच्या वेगळ्या नगात आहेत. तिथे २५६ रंगांच्या १४ ताटल्या आहेत. गोळी लागली की पडदा लाल होतो, वस्तू उचलली की पिवळसर झाक येते, किरणोत्सर्गापासून वाचवणारा सूट घातला की सगळं हिरवट दिसतं. तेव्हा भिंतीचं चित्र तेच राहतं, फक्त ताटली बदलते. अंधाराचीही अशीच युक्ती. ‘कलरमॅप’ या नगात ३४ तक्ते आहेत आणि त्यातले पहिले ३२ प्रकाशाच्या पायऱ्यांचे. अमुक क्रमांकाचा रंग तमुक अंधारात कोणत्या क्रमांकाचा दिसेल, हे आधीच लिहून ठेवलेलं. १९९३ च्या संगणकाला प्रत्येक पिक्सेलचा उजेड मोजत बसणं परवडणारं नव्हतं.

म्हणूनच आपला फोटो इथे घालायला जाणाऱ्याची पहिली फजिती रंगात होते. ताटलीत तपकिरी, राखाडी, लाल भरपूर, जांभळे मोजकेच. बोगनवेलीचा फोटो दिला तर प्रोग्राम प्रत्येक पिक्सेलसाठी त्यातल्या त्यात जवळचा रंग शोधतो आणि हाती चिखल येतो. कसलेला माणूस चित्र आधी ताटलीला जुळवून घेतो, मगच पेटीत टाकतो.

भिंतींचा मामला आणखी गमतीचा. भिंतीचं टेक्स्चर सबंध चित्र म्हणून ठेवलेलंच नाही. ‘पॅच’ नावाचे तुकडे असतात आणि कोणता तुकडा कुठे डकवायचा याची कृती ‘टेक्स्चर१’ या यादीत असते. एक तुकडा बदलला की तो जिथे जिथे डकवलाय त्या सगळ्या भिंती बदलतात. नवख्याला हे कळेपर्यंत त्यानं अर्धा गेम रंगवून टाकलेला असतो. शिवाय पॅच ओळीनं न ठेवता उभ्या रकान्यांनी ठेवलाय, कारण इंजिन भिंत उभ्या पट्ट्यापट्ट्यांनी रंगवतं. रकान्यातली पारदर्शक जागा साठवतच नाहीत. रंग कितव्या पिक्सेलपासून सुरू, किती लांब, मग रंगांचे क्रमांक, आणि रकाना संपला की २५५. जाळीच्या दाराचं चित्र असं तुकड्यातुकड्यांनी वाचताना कारागिराचा हात दिसतो.

बदल परत घालायची रीत तर माझ्या मते या सगळ्या रचनेतली सर्वांत शहाणी गोष्ट. मूळ फाईलला हातच लावायचा नाही. आपलं चित्र त्याच आठ अक्षरी नावानं ‘पीवॅड’ नावाच्या छोट्या फाईलमध्ये ठेवायचं. इंजिन नग शोधताना यादी शेवटाकडून चाळतं, त्यामुळे शेवटी आलेला नग जिंकतो. मूळ गेम शाबूत, बदल वरच्यावर. फ्लॅट आणि राक्षसांच्या चित्रांना मात्र हे सुरुवातीला लागू पडत नव्हतं; ते सलग एका गटात असावे लागत. ती अडचण ऑलिव्हिए माँतान्वीच्या ‘ड्यूटेक्स’ या प्रोग्रामनं सोडवली. १९९४ मध्येच जस्टिन फिशरनं ‘एलियन्स’ चित्रपटावर आधारलेला आख्खा नवा खेळ याच पेटीतून उभा केला.

मराठी वाचकाला एक प्रश्न इथे पडायला हवा: हाच गेम मराठीत दिसेल का? ‘डूम’मध्ये प्रत्येक अक्षर हे एक वेगळं चित्र आहे. नावं ‘एसटीसीएफएन०३३’ ते ‘०९५’, म्हणजे उद्गारचिन्हापासून अधोरेषेपर्यंत. इंग्रजी लहान अक्षरंही नाहीत. इंजिन सगळी मोठी करून घेतं आणि एकापुढे एक मांडतं. इथे आपली लिपी अडते. ‘कि’मधली वेलांटी उच्चारात नंतर आणि लिहिण्यात आधी, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, उकार पायाशी, जोडाक्षराची तऱ्हा निराळीच. चित्रं नुसती शेजारी ठेवणाऱ्या इंजिनाला यातलं काही ठाऊक नाही. पण मेनू? ‘न्यू गेम’ ही अक्षरं जुळवून लिहिलेली नाहीत. ‘एम_एनगेम’ नावाचं ते एक सबंध चित्र आहे. नकाशा संपल्यावर दिसणारी नकाशांची नावंही चित्रंच. तेव्हा मेनू आणि ही नावं देवनागरीत आणायला प्रोग्रामर लागत नाही, चांगलं अक्षर काढणारा पेंटर पुरतो. खेळताना झळकणारी वाक्यं मात्र प्रोग्रामच्या पोटात आहेत. ती पेटीत सापडणार नाहीत.

पुढच्या काळात पेट्या बदलल्या. ‘क्वेक’नं ‘पॅक’ आणला. १९९९ च्या ‘क्वेक ३’ची ‘पीके३’ तर निव्वळ झिप फाईल, नाव बदललं की उघडते. चित्रं आकसली. एस३ कंपनीचं तंत्र मायक्रोसॉफ्टनं १९९८ मध्ये डायरेक्टएक्स ६ मध्ये घेतलं: ४ बाय ४ पिक्सेलच्या चौकटीत दोनच रंग लिहायचे आणि सोळा पिक्सेलना दोन-दोन बिटांत सांगायचं की या दोघांपैकी कोण किंवा अधलेमधले कोणते. ४८ बाइटांचं काम ८ बाइटांत. यात तपशील कायमचा जातो. काढा, सुधारा, पुन्हा भरा असं चार वेळा केलं की चित्राच्या कडा फाटतात.

आणि मग सुधारणेचं काम यंत्रावर सोपवायची फॅशन आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्या तीन जुन्या गेमची नवी आवृत्ती आली. जुनी टेक्स्चर मोठी करायला कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली होती. ‘टफ नट’ नावाच्या डोनटच्या दुकानावर मूळ गेममध्ये षट्कोनी नट होता. दुकानाच्या नावातला विनोदच तो. नव्या आवृत्तीत कोपरे घासले जाऊन गोल चकती झाली. यंत्राला कोपरा म्हणजे खडबडीतपणा वाटला. आठवडा उलटतो न उलटतो तोच प्रकाशक कंपनी रॉकस्टारला जाहीर माफी मागावी लागली. घरबसल्या फुकटात टेक्स्चर सुधारणाऱ्यांपैकी कुणी निदान पाटी वाचली असती.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं ६५ए हे कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूनं तांत्रिक कुलूप फोडणं हा गुन्हा ठरला. ‘डूम’च्या पेटीला कुलूप नाही, पण आतली चित्रं मालकाचीच आहेत. कार्मॅकनं डिसेंबर १९९७ मध्ये इंजिनाचा सोर्स कोड खुला केला, चित्रं नाही. ती उणीव ‘फ्रीडूम’ या प्रकल्पानं भरली: तीच नावं, तीच रचना, पण प्रत्येक चित्र आणि आवाज नव्यानं केलेला आणि मुक्त परवान्याचा.

हात घालून बघायचं असेल तर ‘फ्रीडूम’ आणि ‘स्लेड’ हा एडिटर, दोन्ही फुकट मिळतात. सुरुवात एखाद्या फ्लॅटनं करा, पॅचच्या नादी नंतर लागा. आणि केलेलं काम मित्रांना द्याल तेव्हा फक्त आपलं ‘पीवॅड’ द्या. आयडीची मूळ फाईल त्यात घालून वाटू नका.