तळणीतले काळे तेल जाते कुठे?

वडा चांगला की वाईट हे आपण चवीवरून ठरवतो. चटणी झणझणीत असली, पाव ताजा असला की झाले. कढईत कोणी डोकावत नाही. सकाळी सातला चढलेली कढई रात्री दहापर्यंत उतरत नाही. तेल कमी पडले की वरून नवे ओतायचे, रात्री उरले ते डब्यात काढायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा कढईत. असे तीन-चार दिवस गेले की तेल आधी चहाच्या रंगाचे होते, मग काकवीसारखे काळे आणि चिकट.

आपल्या वस्त्यांतील कितीतरी माता-भगिनी वडे, भजी, समोसे, शेव तळून संसार चालवतात. त्यांच्यापुढे रोज रात्री प्रश्न असतो, या काळ्या तेलाचे करायचे काय? टाकवत नाही, कारण त्याला पैसे मोजलेले असतात. ठेववत नाही, कारण वास मारतो.

आज या तेलाला तीन वाटा आहेत. एक, संपेपर्यंत तळत राहायचे. दोन, गटारात ओतायचे. तीन, कोणी कॅन घेऊन आला तर विकून टाकायचे. तिसरी वाट बरी वाटते, पण खरी मेख तिथेच आहे. मोठ्या हॉटेलाने आणि फरसाणच्या कारखान्याने नको म्हटलेले तेल स्वस्तात विकत घेऊन तेच लहान गाड्यांना विकणारे लोक आहेत. म्हणजे साहेबांच्या ताटातून काढलेले तेल कारखान्याच्या गेटवर आणि शाळेच्या दाराशी पुन्हा उकळते. खाणार कोण? आपणच, आणि आपली लेकरे.

पुन:पुन्हा तापवलेल्या तेलात काय बिघडते ते समजून घेऊ. उष्णता, हवा आणि बटाट्या-बेसनातले पाणी या तिघांमुळे तेल फुटते आणि त्यात शरीराला अपायकारक अशी द्रव्ये साठत जातात. शास्त्रज्ञ त्यांना पोलर संयुगे म्हणतात. केंद्राच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून नियम केला की, तेलातील अशी संयुगे २५ टक्क्यांच्या वर गेली तर ते तेल खाण्यासाठी वापरायचे नाही. मोजण्याचे यंत्र निरीक्षकाकडे असते, गाडीवर कुठून असणार? पण डोळ्यांना कळते. मंद आचेवरही लवकर धूर येऊ लागला, वर बसका फेस धरून राहू लागला, झाऱ्यावरून तेल तार धरून पडू लागले, की त्या तेलाचे आयुष्य संपले.

पुढे १ मार्च २०१९ पासून दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांना तेलाची नोंदवही ठेवणे आणि उरलेले तेल अधिकृत गोळा करणाऱ्यालाच देणे बंधनकारक झाले. आपल्या गाडीवाल्या ताईला ५० लिटर कुठले लागायला? तिला नोंदवहीची सक्ती नाही. पण त्यामुळे तिच्याकडचे तेल न्यायलाही कोणी अधिकृत माणूस आपणहून येत नाही.

आता चौथ्या वाटेकडे येऊ. डिझेल इंजिन ज्याच्या नावाने ओळखले जाते त्या रुडॉल्फ डिझेलच्या पद्धतीचे एक इंजिन १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. तेल तसेच्या तसे टाकीत ओतले तर आजचे इंजिन मात्र लवकर तुंबते, कारण तेल घट्ट असते. म्हणून गाळलेल्या तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा मिसळून ते कोमट तापवतात. जड ग्लिसरीन तळाशी बसते, वर राहते ते बायोडिझेल. १०० लिटर तेलाला साधारण २० लिटर मिथेनॉल लागते. विलायतेत आणि अमेरिकेत पुष्कळ हौशी लोक घरामागच्या शेडमध्ये हे करतात. ब्रिटनमध्ये २००७ पासून वर्षाला २,५०० लिटरच्या आत इंधन बनवणाऱ्याला त्यावरचा कर माफ झाला, तेव्हा अनेकांनी बटाट्याचे काप आणि मासे तळणाऱ्या दुकानांशी संधान बांधले. दुकानदाराला घाण गेली याचा आनंद, यांना फुकट इंधन. पुढे कंपन्या तेल विकत घेऊ लागल्या आणि फुकटचा जमाना सरला. अमेरिकेत तर हॉटेलामागच्या पिंपातून जुने तेल चोरीला जाऊ लागले.

या हौशी मंडळींची तेल पारखण्याची रीत आपल्या स्वयंपाकघराला शोभेल अशी आहे. थोडे तेल तव्यावर तापवायचे. तडतडले तर त्यात पाणी आहे, आणि पाणी असले की इंधनाऐवजी साबण होतो. दुसरी परीक्षा आंबटपणाची. जुन्या तेलात आम्ल वाढते आणि त्याला सोडा जास्त लागतो. तो किती, हे पाहायला काहीजण आपली हळद वापरतात. हळदीला चुना लागला की ती लाल होते हे आपल्या आज्यांना ठाऊक होते, हा तोच गुण. तेलाच्या नमुन्यात हळद घालून सोड्याचे पाणी थेंबथेंब सोडायचे. लाल व्हायला जितके जास्त थेंब, तितके तेल खराब.

पण भगिनींनो आणि दादांनो, हा उद्योग आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत करू नका. मिथेनॉल म्हणजे काय, हे मुंबईत तरी सांगायला नको. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, त्या दारूत हेच होते. ते पोटात गेले तर डोळे जातात, जीव जातो. त्याची वाफ आणि कातडीवरचा ओघळसुद्धा बाधतो. ते पेटले तर ज्योत दिवसा धड दिसत नाही. विषारी द्रव्य म्हणून त्याचा साठा व विक्री करायला परवाना लागतो. शेजारी गॅस, वर माळा, पायात खेळणारी मुले, अशा जागी हे काम नव्हे. कोणी शिकवतो म्हणाला तरी नको.

मग आपल्या हाती काय उरते? चांगले तेल गोळा करणे. बायोडिझेलच्या धंद्यात कच्चा मालच दुर्मिळ आहे. प्राधिकरणाने १० ऑगस्ट २०१८ रोजी वापरलेले तेल बायोडिझेलकडे वळवण्याची योजना सुरू केली. २०१९ साली इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या सरकारी कंपन्यांनी अशा तेलापासूनचे बायोडिझेल १०० शहरांत घेण्याचे जाहीर केले, तेव्हा पहिल्या वर्षाचा भाव लिटरला ५१ रुपये ठरवला होता. तो तयार इंधनाचा भाव. काळ्या तेलाला त्याहून कमीच मिळणार, आणि तो खाली-वर होतो. तरीही गटारात ओतून शून्य मिळते त्यापेक्षा बरे.

एकटीच्या तेलासाठी कोणी टेम्पो पाठवणार नाही. पण समजा, नाक्यावरच्या १५ गाड्या आणि पोळीभाजी केंद्रे मिळून प्रत्येकी दिवसाला एक लिटर काढतात. आठवड्याला १०५ लिटर झाले. आता टेम्पो येईल. बचत गटाने हे काम घेतले तर हिशेबही चोख राहील.

तेल थंड झाल्यावर दुहेरी फडक्यातून गाळावे. बेसनाचा गाळ तळाशी राहिला तर तेल आंबते. डबा कोरडा हवा, धुऊन उन्हात वाळवलेला. झाकण घट्ट हवे, पावसाळ्यात तर फारच. चिकन-मासळीचे तेल वेगळे ठेवावे, त्यात चरबी उतरलेली असते. गॅरेजचे ऑइल चुकूनही मिसळू नये, सारा माल फुकट जातो. डब्यावर मोठ्या अक्षरात ‘खाण्यासाठी नाही’ लिहावे आणि तो शेगडीपासून लांब ठेवावा.

गटाराचेही बोलले पाहिजे. ओतलेले तेल वाहून जाते असे वाटते, पण ते पुढे थिजते. लंडनमध्ये व्हाइटचॅपल भागातील गटारात २०१७ साली चरबी आणि कचऱ्याचा २५० मीटर लांब, १३० टनांचा गोळा सापडला. तो काढायला कामगार रात्रंदिवस झटले आणि त्यातल्या काही भागाचे बायोडिझेलही केले. तिथे कामगाराच्या अंगावर संरक्षक पोशाख होता. आपल्याकडे तुंबलेल्या गटारात कोण उतरतो आणि कोणत्या वस्तीतून येतो, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी माणसे मरतात, म्हणून सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख करावी लागली. आपल्या कढईतले तेल आपल्याच भावाच्या गळ्याशी येते.

तेल देताना घेणाऱ्याची चौकशी करा. प्राधिकरणाकडे नोंदणी झालेल्यांची यादी असते, त्यात त्याचे नाव आहे का? तो वजन तुमच्यासमोर करतो का? तेल कोणत्या कारखान्यात जाते ते पावतीवर लिहून देतो का? पावती द्यायची टाळतो, रोख दोन रुपये जास्त देतो म्हणतो आणि कुठे नेणार ते सांगत नाही, असा माणूस दारात आला तर समजावे की हा डबा दुसऱ्या कोणाच्या तरी कढईत चालला आहे.