गावाचे पाणी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अवर्षणप्रवण गावात टंचाई होते ती पाऊस कमी पडतो म्हणूनच, हा सर्वांत घट्ट रुजलेला समज. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी येते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर. वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर पाऊस धरला तरी शिवारात सुमारे ३९० कोटी लिटर पाणी पडते. पैकी बरेच वाहून जाते, बरेच उडून जाते. मुरते त्याच्या उपशाला बहुतेक गावांत हिशेब नसतो.

म्हणून बंधारे बांधले, चर खोदले की काम संपले, असेही मानले जाते. हिवरे बाजारमध्ये १९८९ नंतर, पोपटराव पवार सरपंच झाल्यावर, समतल चर, बांध आणि वृक्षलागवड झाली. रोजगार हमीचा आणि पुढे आदर्श गाव योजनेचा पैसा त्यासाठी मिळाला. पण अशी कामे राज्यात इतरत्रही झाली आणि त्यांपैकी अनेक गावांत उन्हाळ्यात टँकर येतच राहिले. हिवरे बाजारचे वेगळेपण खोदकामापेक्षा बंधनांत आहे, जी फोटोत दिसत नाहीत. सिंचनासाठी बोअर मारायचा नाही, ऊस आणि केळी लावायची नाही. पावसाळा सरला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी माणसांचे पिण्याचे पाणी, मग जनावरांचे. उरेल त्यावर रब्बीची पिके ठरतात.

बोअर जितका खोल तितके पाणी जास्त, ही समजूत तर शेतकऱ्याला कर्जात लोटणारी आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्टचा. या खडकात पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या आणि भेगाळलेल्या थरात साठते. खाली अखंड कातळ लागला की भेगा विरळ होतात. खोल बोअर पुष्कळदा वरच्या थरातलेच, म्हणजे शेजारच्या विहिरीचे, पाणी ओढतो. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याचेही तसेच. ओढ्याच्या पाण्याने भरले तर ते साठवण ठरते. विहीर उपसून भरले तर जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी उन्हात आणून ठेवल्यासारखे होते, आणि उपशाची शर्यत लागते ती वेगळीच.

पाणी आले की ऊस आणि ऊस आला की पैसा, हे गणितही एकमेव नाही. हिवरे बाजारमध्ये चराईबंदीमुळे डोंगरावर गवत वाढले आणि ते कापून जनावरांना घालता येऊ लागले. गावाचे दूध १९९०च्या दशकाच्या मध्यास रोज सुमारे १५० लिटर होते. २०१०च्या सुमारास ते ४,००० लिटरच्या आसपास गेले. गावाची चर्चा विहिरींची होते, पण तिथल्या मिळकतीत दुधाचा वाटा मोठा आहे.

राहिला मालकीचा प्रश्न. ज्याची जमीन त्याचेच पाणी, या धारणेला १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावातून छेद दिला. त्यांच्या पाणी पंचायतीत वाटप जमिनीच्या आकारावर नव्हे, तर घरातील माणसांवर ठरले: माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबाला कमाल अडीच एकरांचे. भूमिहीनांनाही त्यात वाटा होता, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे.