सरकीच्या पोटातील अळी आणि क्ष-किरण

मूठभर सरकी हातात घेतली, तर तिच्यातली निरोगी कोणती आणि किडकी कोणती, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? अकोला-अमरावतीचा माणूस लहानपणापासून सरकी पाहत आलेला. पण येथे त्याचीही नजर फसते. शेंदरी, म्हणजेच गुलाबी बोंडअळी बोंडात शिरून सरकीचा गर खाते. हंगाम सरता सरता कित्येक अळ्या दोन सरक्या रेशमाने जोडून त्यांच्या पोटात निजतात. ही झोप कित्येक महिन्यांची असते. कापूस जिनात जातो, आणि त्याबरोबर हा झोपलेला पाहुणाही.

सरकी फोडून पाहावी, तर बीही जाते आणि अळीही. येथे क्ष-किरण कामी येतात. राँटगेन यांनी १८९५ साली शोधलेल्या या किरणांनी दवाखान्यात हाडे दिसतात. पण तितके प्रखर किरण इवल्याशा सरकीतून सहज आरपार जातात. म्हणून कमी दाबाच्या विजेवर निर्माण केलेले सौम्य किरण वापरतात. भरीव गर त्यांना अडवतो आणि फिल्मवर पांढरट उमटतो. पोखरलेली जागा काळी दिसते, आणि त्या काळोखात अळीची फिकट वळकटी. अमेरिकेतील फेंटन व वेट यांनी १९३२ साली याच अळीसाठी ही रीत प्रसिद्ध केली. सरकी शाबूत राहत असल्याने तीच पुन्हा तपासता येते. अळी हलली की सुकली, तेही कळते.

परंतु अळी दिसली म्हणजे तिची जात कळलीच असे नाही. ऑस्ट्रेलियात हिच्या अगदी जवळच्या नात्यातील एक जात आहे. दोन्हींचे पतंग इतके सारखे, की जननेंद्रिये तपासल्याखेरीज भेद कळत नाही, आणि त्यासाठी पतंगाचे पोट कापावे लागते. आता सूक्ष्म सीटी यंत्रात नमुना फिरवून शेकडो क्ष-किरण चित्रे घेतात. त्यांवरून संगणक आतली घडण उभी करतो. संग्रहालयातला एकुलता एक पतंगही त्यामुळे अभंग राहतो.

श्रोतेहो, २००२ साली बीटी कापूस आला, तेव्हा बोंडअळीची चिंता मिटली असे वाटले होते. २०१७ साली विदर्भातील शेतकऱ्यांनी किडकी बोंडे पाहिली. क्ष-किरण अळीला मारीत नाहीत, आणि गाडीभर सरकी यंत्राखाली घालणेही शक्य नाही. मात्र शत्रू कुठे निजतो, हे त्यांनी दाखविले आहे. पऱ्हाटी वेळेवर उपटणे, किडकी बोंडे नष्ट करणे, जिनातली किडकी सरकी साठवून न ठेवणे, हे पुढचे काम आपल्याच हातचे आहे.