लाँगवेव्हवरची शेवटची कसोटी

नजर गेल्यापासून अब्बांचं क्रिकेट कानांवर आलं. बर्मिंगहॅमच्या आमच्या घरी कित्येक उन्हाळे ते बीबीसीचं ‘टेस्ट मॅच स्पेशल’ लाँगवेव्हवर ऐकत. जुलै २०२३ मध्ये त्यांचा संच बिघडला. आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेनंतर हे समालोचन लाँगवेव्हवरून कायमचं बंद होणार होतं. मोबाइलवर लावून देतो म्हटलं, तर म्हणाले, ‘‘त्या काचेवर बोट कुठे ठेवू? मला फिरवायला बटण हवं.’’

दापोलीहून आणलेला ट्रान्झिस्टर माळ्यावर होता, पण त्याला मीडियम आणि शॉर्ट एवढेच बँड. आपल्याकडे लाँगवेव्हवर केंद्रंच नाहीत. मग आम्ही मामा-भाचीने संच घरीच जोडायचं ठरवलं.

सामान थोडकंच: टीए ७६४२ नावाची तीन पायांची चिप, एक लाख आणि एक हजार ओहमचे दोन रेझिस्टर, दोन-तीन छोटे कंडेन्सर, फिरवायचा गँग कंडेन्सर, क्रिस्टल इअरफोन आणि दीड व्होल्टचा एक सेल. खरं काम वेटोळ्याचं. केंद्र १९८ किलोहर्ट्झवर, म्हणजे एकेक लाट सुमारे दीड किलोमीटर लांब. मीडियम वेव्हला फेराइटच्या कांडीवर सत्तरेक वेढे पुरतात. इथे दोनशेच्या आसपास लागले. भाची मोठ्याने मोजत होती. एकशे चाळीसवर नानीने चहाला हाक मारली आणि गणती चुकली. पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या रात्री चिडीचूप. चिप जळाली असं समजून आम्ही दुसरी लावली, तरी तेच. दोष आमचाच होता: तांब्याच्या तारेवरचं एनॅमल टोकांना खरवडलंच नव्हतं. पॉलिश पेपरने घासून पुन्हा डाग दिला, तेव्हा आवाज आला, पण नुसती घरघर. तो टेबलावरचा एलईडी दिवा होता. तो विझवला आणि माणसाचा आवाज स्वच्छ उमटला.

प्रक्षेपण ड्रॉइटविचचं, आमच्यापासून जेमतेम तीसेक किलोमीटरवर. १९३४ पासून चालू असलेलं हे केंद्र; मनोरे २१३ मीटर उंच. इतक्या जवळून आवाज फाटायचा. अब्बांनीच उपाय शोधला. कांडीचं टोक केंद्राकडे केलं की आवाज विरतो, आडवी धरली की वाढतो. बटण राहिलं बाजूला. ते संचच हातात धरून फिरवू लागले.

३१ जुलैला ओव्हलवर ॲशेसचा शेवटचा दिवस. संध्याकाळी स्टुअर्ट ब्रॉडने आपल्या अखेरच्या कसोटीतला शेवटचा बळी घेतला, इंग्लंड ४९ धावांनी जिंकलं. इअरफोन एकच, त्यामुळे बातमी आम्हाला अब्बांच्या चेहऱ्यावरून कळली.

त्यानंतर त्या जागी बातम्या आणि समुद्रावरच्या हवामानाचा अंदाज लागे. तोही ते ऐकत. वेढे कमी करून मीडियम वेव्ह लावू या, असं भाची म्हणते. अब्बा संचाला हात लावू देत नाहीत.